फेलेतीचा पिवळा शर्ट

१

सोमवारी सकाळी ओहोटीला कालवं वेचायला गेलेल्या बायकांना फेलेती सापडला. गावाच्या मागच्या अंगाला कडा आहे, त्याच्या पायथ्याशी खडकात एक खाच आहे, तिच्यात तो पालथा अडकलेला होता. डोक्याला मागून जखम, पाय अनवाणी, अंगात अर्धी चड्डी आणि नवाकोरा पिवळा टी-शर्ट. बायकांनी हंबरडा फोडला तो पार जेटीपर्यंत ऐकू गेला.

सार्जंट हेइलाला तेव्हा चौकीच्या पायरीवर बसून चहात बिस्किट बुडवत होती. टोंगातल्या त्या बेटावर पोलीस म्हणजे दोन माणसं, ती आणि तिचा शिपाई तोमासी. तोमासी धापा टाकत आला आणि नुसता "मॅडम, मॅडम" करत उभा राहिला. आपल्यातलं कुणी का, असं तिनंच विचारलं, तेव्हा त्यानं मान खाली घातली. बिस्किटाचा तुकडा चहात पडला होता तो तिनं चमच्यानं काढला, कप विसळून पालथा घातला आणि मग ती निघाली.

फेलेती तिचा भाचा. धाकट्या भावाचा, सिओसायाचा, थोरला मुलगा. एकोणीस वर्षांचा. पळण्यात त्याचा हात धरणारं बेटावर कुणी नव्हतं, आणि पुढच्या महिन्यात राजधानीत निवडचाचणीला तो जाणार होता. अगदी शनिवारी दुपारी तो चौकीवर नाचत आला होता. ऑकलंडच्या मामानं बोटीनं शर्ट पाठवला होता, खास उन्हात पळायचा, घाम टिकत नाही असला. "आत्या, हातात धरून बघ तरी, वजनच नाही याला. घातलाय की नाही तेच कळत नाही," म्हणाला होता. तिनं म्हटलं होतं, मग आरशात बघून खात्री करून घेत जा, नाहीतर उघडाच फिरशील आणि मला तुला आत टाकावं लागेल. टोंगात पुरुषानं उघड्या अंगानं गावात फिरणं गुन्हा आहे, हे काय तिनं त्याला सांगायला हवं होतं? पण आत्यानं थट्टा करायची आणि भाच्यानं दात काढायचे, असं त्यांचं चालायचं.

खडकाच्या खाचेतून पोरांनी त्याला उचलून वर आणला तेव्हा तिनं त्याचे डोळे मिटले. रडू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी नवरा बोटीसकट समुद्रात गेला तेव्हाही आलं नव्हतं, आणि त्यानंतर आत काही हलायचं थांबलं ते थांबलंच. लोक तिला धीराची बाई म्हणत. धीर कसला डोंबलाचा. बधिर झालेल्या दाढेसारखी ती जगत होती, चावलं तरी कळत नव्हतं.

दुपारच्या आत तोमासीनं कितिओनेला बेड्या घातल्या. त्यात त्याचं काही चुकलं असं कुणी म्हणालं नसतं. कितिओने मासे मारणारा, चर्चच्या गायकवृंदात खर्जात गाणारा पोरगा. त्याचं आणि फेलेतीच्या बहिणीचं, लुसीआचं, जमलं होतं आणि ते शनिवारी संध्याकाळी फेलेतीच्या कानावर आलं. बहिणीबद्दल भावासमोर कुणी वावगा शब्दसुद्धा काढत नाही तिथे हे प्रकरण! जेटीवर दोघांची जुंपली. कितिओनेनं त्याला आडवा पाडला आणि अर्ध्या गावादेखत म्हणाला, पुन्हा आडवा आलास तर समुद्रात बुडवीन. तेवढ्यात धो धो पाऊस आला आणि सगळे पळाले. सिओसायाच्या घरचे म्हणाले, त्यानंतर फेलेती घरी आलाच नाही.

आता याहून काय हवं? राजधानीतल्या साहेबांनी फोनवर सांगितलं, मंगळवारी दुपारच्या बोटीनं त्याला पाठवून द्या, पुढचं आम्ही बघतो.

२

मयत धुवायला बसली ती हेइलाला आणि नर्स आलीसी. बापाची थोरली बहीण म्हणून तो मान तिचा. मयताच्या घरात आत्या उशाशी बसते, आहेर म्हणून चटया-कापडं तिच्यापुढे येतात, कुणाला माफ करायचं आणि कुणाला नाही तेही तीच सांगते. बाप असो की आजोबा, तिच्यापुढे कुणाची जीभ उचलत नाही.

शर्ट काढताना तिला तो ओला असूनही हलका लागला. हातात काही आहे असं वाटेना. तिनं तो पिळून खिडकीच्या दांडीवर टाकला, तर अंग धुऊन होईपर्यंत वाळलासुद्धा. मग तिनं घडी घालायला घेतला आणि तिचं बोट पोटाजवळ अडलं. बारीक बारीक भोकं होती, मसुराएवढी.

आलीसी म्हणाली, खडकानं फाटला असेल. हेइलालानं भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. कड टणक होती, वाळलेल्या डिंकाच्या थेंबासारखी. खडकावर कापड फाटतं तेव्हा दोरे निघतात. हे फाटलं नव्हतं, वितळलं होतं. सुती कापडावर ठिणगी पडली तर काळा डाग पडतो, पण असलं कापड आक्रसून वितळतं. तिच्या नवऱ्याचा एक चांगला रग्बीचा शर्ट असाच गेला होता आणि तिनं त्याला त्यावरून दोन दिवस बोलून घेतलं होतं.

तिनं तोमासीचा फोन मागवला. भांडणाच्या जरा आधी जेटीवर पोरांनी फोटो काढले होते. मधोमध फेलेती छाती काढून उभा होता, शर्ट दाखवायला. पोटाजवळ कापड कसं नितळ, एक भोक नाही.

मग ठिणग्या पडल्या कधी? फोटो काढला आणि पाऊस सुरू झाला. रात्रभर पडला, पहाटे थांबला. त्या पावसात बेटावर कुठे काडी पेटली नसती.

आणि तिनं त्याचे पाय पाहिले. अनवाणी माणूस त्या खडकावर चार पावलं चालला तरी तळवे सोलून निघतात. फेलेतीचे तळवे तान्ह्या मुलासारखे होते. आलीसीला तिनं दाखवलं. आलीसीनं तळव्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हणजे याच्या पायात बूट होते."

"होते. नाडीचे बूट पाण्यानं सुटत नाहीत. कुणीतरी ते काढले."

३

चौकीतल्या कोठडीत कितिओने भिंतीला टेकून बसला होता. त्यानं जेवणाला हात लावला नव्हता. मारलं होतं, हे तो नाकारत नव्हता. पण जेटीवर मारलं, फेलेती उठला, शिव्या घालत घराच्या वाटेला लागला, आणि पुढे पावसात दिसेनासा झाला, एवढंच त्याचं म्हणणं.

"आणि तू?"

"मी माझ्या मार्गानं गेलो."

"रात्रभर कुठे होतास?"

"ते विचारू नका, मॅडम."

"अरे शहाण्या, तुरुंगात सडशील."

"सडेन," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. हेइलालाला तो आवाज ओळखीचा वाटला. आपलाही असाच येत असणार.

कुठे होता ते तिला कळलंच होतं, त्यात काय अवघड? लुसीआचं नाव तो घेणार नव्हता. त्याच्यापाशी शनिवारच्या रात्रीचा साक्षीदार होता आणि तो साक्षीदार उघड करता येत नव्हता. रविवारी मात्र सकाळच्या उपासनेपासून संध्याकाळच्या उपासनेपर्यंत तो गायकवृंदात उभा राहून खर्ज लावत होता आणि अख्खं गाव त्याच्यासमोर बसलेलं होतं. सगळं एका वारावर येऊन अडलं होतं. फेलेती शनिवारी मेला असेल तर कितिओने गेला. रविवारी मेला असेल तर कितिओनेला हात लावता येत नव्हता.

ती भावाच्या घरी गेली. अंगणभर काळे कपडे आणि कमरेला गुंडाळलेल्या सुतकाच्या चटया. भावजय मेलेआने प्रेताच्या पायथ्याशी बसली होती. पंख्यानं माश्या वारत होती आणि माशी एकही नव्हती.

शनिवारी तो आलाच नाही का, हेइलालानं विचारलं.

"नाही, वन्सं."

रविवारी काय केलंस मग? शोधलं नाहीस? मेलेआने म्हणाली, पोरं रात्री मित्राकडे राहतात, वाटलं येईल. आणि जेवायला? जेवायला काय, पाव होता, तो खाल्ला. उमू लावलाच नाही. लावणार कोण, म्हणाली, यांचा हात असा.

ते खरं होतं. सिओसाया महिन्यापूर्वी विलायती फणसाच्या झाडावरून पडला होता, त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. धाकटा मुलगा राजधानीत वसतिगृहात. आणि उमू हे बाप्यांचं काम. खड्डा करायचा, लाकडं पेटवायची, धोंडे तापवायचे, त्यावर अन्न रचून माती लोटायची, रविवारी पहाटे, चर्चला जायच्या आधी. बाई उमूपाशी वाकली तर शेजारी आठवडाभर हसतात. तेव्हा पाव खाल्ला हे पटण्यासारखं होतं.

सिओसाया अंगणापलीकडे विलायती फणसाखाली बसला होता. बहीण आली तसा उठला आणि आणखी लांब गेला. मोठे झाल्यावर भाऊ-बहीण एका छपराखाली बसत नाहीत, एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. त्या दोघांचं लहानपणानंतर सगळं बोलणं मेलेआनेमार्फत झालं होतं. त्यामुळे तो लांब गेला यात कुणाला काही वाटलं नाही. हेइलालालाही वाटलं नसतं. पण जाताना त्यानं मागे वळून प्रेताकडे पाहिलं नाही, बहिणीच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. तिच्यात शर्ट होता.

४

मंगळवारी सकाळी पाद्रीबुवांची बायको सालोते चटई घेऊन आली. बाई मोठी बोलघेवडी. रडता रडता बोलायची आणि बोलता बोलता रडायची, दोन्हीत खंड नाही. हेइलाला उशाशी बसून ऐकत होती, म्हणजे कान उघडे होते इतकंच.

किती गुणाचं घर, सालोते म्हणत होती. एवढं दुःख वाट्याला यायचं होतं, पण रविवारी पाद्रीबुवांचं ताट चुकलं नाही. कोवळ्या अळूच्या पानात बांधलेलं लू, नारळाचं दूध कसं दाट, मांस तर जिभेवर विरघळलं. पाद्रीबुवा म्हणालेसुद्धा, या आठवड्याला सिओसायाकडचं लू पहिल्या नंबरचं.

हेइलालानं मान वर केली.

"रविवारी? यांच्याकडून?"

"हो तर. मेलेआने स्वतः घेऊन आली चर्च सुटल्यावर. गरम होतं, बोट भाजलं माझं."

मेलेआनेच्या हातातला पंखा थांबला होता. हेइलालानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती उठली, सरळ घराच्या मागच्या बाजूला गेली.

उमूचा खड्डा नीट लोटलेला होता. मयताचं जेवण करायला सोयऱ्यांनी दुसरीकडे नवे खड्डे खणले होते, याला कुणी हात लावला नव्हता. राख वरच होती, पावसानं बसलेली नव्हती. म्हणजे शनिवारच्या पावसानंतरची. आता प्रश्न सोपा झाला. हात मोडलेला बाप, उमूपाशी न जाणारी आई, राजधानीतला धाकटा. ते लू शिजवलं कुणी?

लुसीआ मागच्या पडवीत नारळ खवत होती. आत्याला पाहून तिनं खवणी खाली ठेवली. हेइलाला तिच्याजवळ जमिनीवर बसली. शनिवारी रात्री तू कुठे होतीस ते मी विचारत नाही, म्हणाली. घरी पहाटे आलीस एवढं मला कळतंय. मागच्या वाटेनं आलीस. मागच्या वाटेवर उमू आहे.

"तिथं कोण होतं, लुसीआ?"

पोरीचा चेहरा हळूहळू मोडत गेला.

"तो होता," ती म्हणाली. "लाकडं फुंकत होता. मला बघितलं त्यानं. मला वाटलं आता मारतोय. तर आत्या, त्यानं नुसतं तोंड फिरवलं. मी निघून आत जाईपर्यंत तिकडेच बघत राहिला, धुरात."

"मग हे काल का नाही बोललीस?"

"बाबा म्हणाले, तो शनिवारपासून आला नाही. बाबा म्हणाले तर मी कशी... आणि मी पाहिलं असं म्हटलं तर मी कुठून येत होते ते आलंच की."

म्हणजे फेलेती शनिवारी मेला नव्हता. रविवारी पहाटे तो जिवंत होता, उमूवर वाकून फुंकर घालत होता, मामाचा शर्ट ठिणग्यांनी खराब होतोय याचं भान नव्हतं त्याला. आणि त्यानंतर कधीतरी त्याला मरण आलं, आणि त्याच्या पायातले बूट काढणारा माणूस या घरात होता. सिओसायाचा हात मोडलेला असला तरी एक शाबूत होता. आणि बाप तापट होता, चर्चमध्ये प्रवचन करणारा. महिन्यापूर्वी त्यानं फेलेतीला सगळ्यांदेखत बजावलं होतं, रविवारी, प्रभूच्या वारी, पुन्हा पळताना दिसलास तर तंगडी मोडीन.

हेइलालाला वाटलं, आता तरी आत काही होईल. झालं नाही. तिनं नुसतं घड्याळ पाहिलं. बोट दुपारची होती.

५

अंगणात पाहते तर मोसेसे.

मोसेसे म्हणजे कितिओनेचा बाप. म्हातारा फाटकी, झिजलेली चटई गुंडाळून, गळ्यात हिरव्या पानांची माळ घालून भर उन्हात जमिनीवर बसला होता. मान पार गुडघ्याला लागलेली. आपल्या माणसानं दुसऱ्याचा जीव घेतला की घरातला वडीलधारा असा येऊन बसतो आणि माफ करेपर्यंत बसून राहतो. मारा, हाकला, काही करा. कितिओनेनं गुन्हा कबूल केला नव्हता. पण मुलाला धरलं म्हणजे केला असणार, असं त्या सरळ माणसाला वाटलं होतं. त्याचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता, नुसते खांदे हलत होते.

सगळं अंगण हेइलालाकडे बघत होतं. आत्या म्हणून त्याला उठवायचं ते तिनं. खांद्याला हात लावून "ऊठ" म्हटलं की माफी झाली. आणि माफी झाली की गुन्हा झालाच होता, यावर शिक्का. मग बोट, कोर्ट आणि जन्मठेप. तिनं हात लावला नाही. मोसेसेला उन्हात तसाच ठेवून ती घराला वळसा घालून गेली तेव्हा मागे कुजबुज झाली. काय पाषाण बाई आहे, कुणीतरी म्हणालंही.

सिओसाया रताळ्याच्या वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला होता. तिला येताना पाहून तो उठायला लागला.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. तीसएक वर्षांत बहिणीनं त्याला सरळ उद्देशून काढलेला तो पहिला शब्द होता. हेइलाला त्याच्याशेजारी बसली नाही, जरा बाजूला, त्याच्याकडे पाठ करून बसली. तेवढी रीत तिनं ठेवली.

मग तिनं सांगितलं, एकामागून एक, वर्दी देतात तसं. शर्टावर भोकं कसली आहेत. फोटोत ती नाहीत. पावसात आग नव्हती. लू कुणी शिजवलं. तळवे का सोलले नाहीत. बूट काढले ते एका हातानं काढले असतील. एकाची नाडी तोडावी लागली असेल.

"कुठे आहेत बूट?"

"इथंच," सिओसाया म्हणाला. "वाफ्यात पुरलेत."

"तू मारलंस त्याला?"

"नाही गं, ताई." तो इतक्या हळू बोलला की तिला मागे कलून ऐकावं लागलं. "त्या दिवशी प्रवचन माझं होतं."

मग तो बोलत राहिला. मामानं ऑकलंडच्या कुठल्या प्रशिक्षकाकडून सरावाचं वेळापत्रक आणलं होतं. तिकडे रविवारी सुट्टी, म्हणून लांबची धाव रविवारी. पोरगा त्याला चिकटून बसला. निवडचाचणी जवळ आलीय, म्हणायचा, एक वार बुडाला तर मागे पडेन. पण इथे रविवारी खेळाला कायद्यानंच बंदी, रस्त्यावर पळणार कसा? म्हणून सगळं गाव चर्चमध्ये बसलं की कड्यावरून पळायचा, तिकडे कुणाची नजर पडत नाही. वाट पावसानं निसरडी झाली होती. सिओसाया चर्चमध्ये उभा राहून प्रभूचा वार पाळा म्हणून सांगत होता तेव्हाच कधीतरी तो पडला असणार. हाक मारली असली तरी ऐकायला कोण होतं? सगळे गात होते.

चर्च सुटलं, उमू उघडला, पोराचा पत्ता नाही. बापाला कळलं कुठे असेल ते. फटके द्यायचे म्हणून गेला. आणि खाली खडकात पिवळं दिसलं.

"ओढून बघितलं मी. एका हातानं येईना. भरती चढत होती. माणसं बोलवायची तर बूट, शर्ट, सगळं दिसणार. रविवारचा पळत होता, सिओसायाचा पोरगा, प्रवचन करणाऱ्याचा. पाद्री त्याच्यावर प्रार्थना म्हणतील का, गाव त्याला काय म्हणेल... मी बूट काढले. म्हटलं, शनिवारी रात्री जेटीवरून पडला म्हणतील. वाहत आला म्हणतील. एका रात्रीचा तर प्रश्न आहे, सोमवारी कुणालातरी दिसेलच."

"शर्ट का नाही काढलास?"

त्यानं प्लास्टरवरची माती नखानं खरवडली.

"उघडा कसा टाकू?" तो म्हणाला.



भांडणाचं त्याला ठाऊकच नव्हतं. ते कळलं तेव्हा कितिओनेच्या हातात बेड्या पडल्या होत्या. काल वाटलं उद्या सांगू, म्हणाला, आणि आता मोसेसे येऊन बसलाय.

"तू पोलिसात आहेस. तूच सांग त्यांना. नाहीतर आत्या म्हणून मला हुकूम कर, मी जातो."

"हुकूम केला तर जाशील हे माहीत आहे मला," हेइलाला म्हणाली. "म्हणून नाही करणार. कोठडी मी आत्ता उघडते, त्याला तुझी गरज नाही. पण लोकांच्या मनातून तो पोरगा सुटायचा नाही. पोलीस असलेल्या आत्यानं भावाला सांभाळून घेतलं नि काहीतरी भानगड केली, असंच म्हणतील. त्याला गावात जगायचंय. आणि मोसेसे तुझ्या दारात बसलाय, माझ्या नाही."

ती उठली आणि चौकीकडे चालू लागली.

६

कितिओनेला घेऊन ती परत आली तेव्हा अंगणात मुंगी शिंकली असती तरी ऐकू आलं असतं. सिओसाया मोसेसेच्या समोर मातीत बसला होता. कमरेची चांगली चटई त्यानं काढून ठेवली होती. त्याचं डोकं मोसेसेच्या डोक्याहून खाली होतं आणि तो बोलत होता. सगळं सांगितलं त्यानं, वार, वाट, बूट, पोरानं खडकात काढलेली ती रात्र. आवाज चढवला नाही, रडला नाही. पाद्री उभे होते ते मध्येच खाली बसले. मेलेआनेनं घरातून एक किंकाळी फोडली.

मोसेसेला आधी समजेचना. मग समजलं तेव्हा त्यानं मान वर करून कितिओनेला पाहिलं, गळ्यातली पानांची माळ काढली, आणि ती कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरून बसला. शेवटी कितिओनेनं पुढे होऊन दोघांनाही दंडाला धरून उठवलं. त्याला तो अधिकार नव्हता. कुणी अडवलं नाही.

पुरतानाची प्रार्थना पाद्रींनी पूर्ण म्हटली, एक ओळही गाळली नाही. बोट भोंगा देऊन निघून गेली. खड्डा भरून लोक पांगायला लागले, वर पांढरी वाळू अंथरायचं काम बायकांनी हाती घेतलं. सिओसाया बहिणीच्या मागोमाग आला. तीन-चार हातांवर थांबला. चर्चमधलं त्याचं पद त्यानं सोडलं होतं, बूट लपवल्याबद्दल राजधानीत जबाब द्यायला जावं लागेल हेही तिनं त्याला सांगून ठेवलं होतं. त्यातलं काही त्याला विचारायचं नव्हतं.

"ताई. मी गेलो तेव्हा... अंग गारच लागलं गं मला. पण माझे हातच गार पडले होते. त्याच्यात जीव होता का?"

हेइलालानं नर्सला दुपारीच विचारलं होतं. डोक्याला लागून तो बेशुद्ध झाला, आलीसी म्हणाली होती, मेला तो पाण्यानं. पाणी त्याच्या तोंडापर्यंत कधी चढलं, सिओसाया येण्याआधी की तो निघून गेल्यावर, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

"नव्हता," ती म्हणाली. "तू पोचायच्या बराच आधी गेला होता तो."

सिओसायानं तिच्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत. लहानपणी ती खोटं बोलायची तेव्हा तिच्या नाकाच्या शेंड्यावर घाम यायचा, आणि हे जगात फक्त त्याला माहीत होतं.

"बरं, ताई," तो म्हणाला, आणि बायकांच्या शेजारी जाऊन शाबूत हातानं वाळू पसरू लागला.

हेइलाला तिथंच मातीत बसली. दोन वर्षांचं सगळं एकदम आलं. नवरा, फेलेती, पाठचा हा भाऊ, सगळे. ती तोंड उघडून, मोठ्यानं, लहान पोरासारखी रडली, आणि रडणं थांबवायला सांगायचा मान तिचाच होता म्हणून कुणी तिला थांब म्हणालं नाही.